अंधेरीतला पगार आणि तुझा हिशेब

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अंधेरीच्या नव्या नोकरीचा वर्षाला ३,६०,००० पगार मुंबईत पुरेल का, असं तू विचारलंस. पुरेल, पण ३,६०,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला ३०,००० असं धरून खर्च आखू नकोस. तेवढे पैसे तुझ्या खात्यात कधीच येणार नाहीत.

ऑफर लेटरमधले ‘व्हेरिएबल’चे, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेले, २४,००० वर्ष संपल्यावर, तेही कंपनीने ठरवलं तर मिळतात. ते आजच सोडून दे. राहिले महिन्याला २८,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, साधारण ७२२ धरलेले आहेत, म्हणजे तुझा एकूण पगार २५,४७८. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाईल. महाराष्ट्रात स्त्रियांना २५,०००पर्यंत व्यवसाय कर नाही, तू थोडक्याने त्या रेषेच्या पुढे आहेस. हातात येतील २३,४७८, आणि फेब्रुवारीत शंभर कमी, कारण त्या महिन्यात हा कर ३०० असतो. प्राप्तिकर लागणार नाही. ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्यातल्या उपचारांची, पगारमर्यादा २१,००० आहे, त्यामुळे ती सोयही तुला नाही. कंपनीचा आरोग्य विमा आहे का आणि कितीचा, हे एचआरला मेलवर विचार. तोंडी उत्तरावर थांबू नकोस.

आता राहण्याचं. सगळा हिशेब इथेच ठरतो.

मैत्रिणी वसईला बोलावताहेत. वन बीएचकेचं भाडं १५,००० धरलं तर तिघींत तुझे ५,०००. वीज, इंटरनेट वगैरे ८००. घरी स्वयंपाक केलास तर एकीला महिन्याला ५ किलो कणीक, ३ किलो तांदूळ, दीड किलो डाळ, एक लिटर तेल पुरतं. भाजी, दूध, गॅस धरून ३,८००. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास स्वस्त असतो, पण स्टेशनपासूनची शेअर रिक्षा जाता-येता ४० रुपये घेते. २६ दिवसांचे १,०४० झाले, पासापेक्षा कितीतरी जास्त. प्रवासाला एकूण १,५०० ठेव. हे सगळं मिळून ११,१००.

अंधेरी पूर्वेला ऑफिसजवळ तिघींच्या खोलीतली, जेवणासकट पीजी (पेइंग गेस्टची जागा) ११,०००च्या आसपास मिळाली, तर प्रवासाचे ५०० धरून ११,५०० होतात. फरक फक्त ४००चा, आणि रोजचे दोन-तीन तास वाचतात. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभी राहून घरी पोचल्यावर कणीक मळायची ताकद उरत नाही. मग बाहेरून मागवलं जातं, आणि ३,८००चा आकडा कागदावरच राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पहिले सहा महिने पीजीतच राहा. जेवण वेगळं असेल तर मात्र हे गणित मोडतं. दोन वेळचा डबा धरून तीन-साडेतीन हजार वाढतील.

नोकरदार महिलांसाठीच्या ‘सखी निवास’ वसतिगृहांतही अर्ज करून ठेव. त्या योजनेत खोलीचं भाडं पगाराच्या प्रमाणात असतं, दोघींच्या खोलीला पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. जेवण वेगळं. जागा लवकर मिळेल या भरवशावर राहू नकोस, पण अर्ज असू दे.

उरलेले खर्च दोन्हीकडे सारखेच. मोबाइल ३५०, साबण-शांपू-पॅड ८००, चहा-नाश्ता रोज ६० म्हणजे १,५६०, कपडे-औषधं १,०००, घरी येण्या-जाण्यासाठी बाजूला १,०००. पीजीत राहून सगळे मिळून १६,२१०. शिल्लक सात हजारांच्या वर. त्यातले ५,००० पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत जाऊ देत. महिनाअखेर जे उरेल ते टाकू असं म्हटलं की काही उरत नाही.

खरी अडचण पहिल्या महिन्याची आहे. वसईच्या घराला तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं तर तुझा वाटा १५,०००, दलालीचे ५,०००, आगाऊ भाडं ५,०००. करारनाम्याला नोंदणी फी १,००० आणि मुद्रांक शुल्क चारशे-सव्वाचारशे, त्याचा तिसरा हिस्सा तुझा, शिवाय गादी-बादली-भांडी. तीस हजार सहज. पीजीला बहुधा दलाली नसते, डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं. आणि महिन्याच्या २० तारखेनंतर रुजू झालीस तर बऱ्याच ठिकाणी ते दिवस पुढच्या पगारात धरतात, म्हणजे चाळीस दिवस पैसा येत नाही. म्हणून ४५,००० घेऊनच निघायचं. ते मी तुझ्या खात्यात टाकते, परत करायची घाई नको.

पीजी बघायला सकाळी आठला जा. पाणी किती वाजेपर्यंत येतं आणि बाथरूमला किती जणी असतात, ते तेव्हाच कळतं. लॉक-इन (किमान राहायलाच लागणारी मुदत) किती, सोडताना नोटीस किती, डिपॉझिटमधून रंगरंगोटीचे पैसे कापतात का, हे कागदावर घे. खोली पाहिल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नकोस. फोटो दाखवून पैसे लाटणारे बरेच आहेत. डिपॉझिट रोख देऊ नकोस, यूपीआयनेच दे आणि पावती घे.

बँक क्रेडिट कार्ड देऊ करेल. घेतलंस तर पूर्ण बिल भर. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलाचा फक्त किमान भाग, भरलं की उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, आणि नव्या खरेदीवरही त्याच दिवसापासून. गरज पडली तर आधी मला सांग, संकोच करू नकोस.

एचआरकडून पगाराचं पूर्ण विभाजन आणि पगारपत्रक कोणत्या तारखेला बंद होतं ते या आठवड्यात मागवून घे. आकडे आले की मला पाठव, रुजू व्हायची तारीख त्यावरून ठरवू.

तुझी,
आई