हप्ता नसला तरी व्याज चालूच असते

महोदय,

परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढताना घरचे लोक पाव टक्क्याच्या फरकासाठी चार बँकांचे उंबरे झिजवतात. फटका मात्र बसतो तो ‘शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही’ या सवलतीत, कारण व्याज पहिल्या उचलीपासूनच सुरू होते.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएससाठी साडेदहा टक्के दराने 30 लाख घेतले आणि दर सहा महिन्यांनी साडेसात लाखांची उचल झाली, असे धरू. सुरुवातीला महिन्याचे व्याज सुमारे 6,560 रुपये, चौथ्या उचलीनंतर 26,250. अभ्यासक्रम आणि पुढे एक वर्ष सवलत असेल, तर सरळव्याजानेच सात लाखांवर रक्कम साचते आणि मुद्दलात मिळवली जाते. मग दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता 40,480 ऐवजी 50,040 च्या घरात जातो. न दिसलेल्या त्या सात लाखांपायी एकूण साडेअकरा लाख मोजावे लागतात! शिकत असतानाच व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात; ती मंजुरीपत्रात लिहून घ्यावी. मात्र आयकरातील व्याजाची वजावट आठच वर्षे मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि ही वर्षे पहिले व्याज भरल्यापासून मोजली जातात.

दुसरी अडचण तारणाची. साडेसात लाखांच्या वर, निवडक विद्यापीठे सोडली तर, सरकारी बँका सहसा तारण मागतात. सातबारा घेऊन गेलेला पालक बहुधा हात हलवत परततो, कारण बँकेला तारण ताब्यात घेऊन थकीत कर्ज वसूल करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. गावठाणातल्या घराचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा; मालकी त्यातून सिद्ध होत नाही. फ्लॅट असेल तर खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र प्रवेशाचे पत्र येण्याआधीच जुळवावे. मालकीबाबत वकिलाचा शोध अहवाल आणि मालमत्तेचे मूल्यांकन यांत आठवडे जातात, आणि आय-20 साठी, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या दाखल्यासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावीच लागते. परदेशी शिक्षणासाठी घरचा वाटा साधारण 15 टक्के असतो. शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (विद्यापीठातले सहायकाचे पगारी काम) मिळाली असेल तर ती त्यात धरून घ्यायला सांगावे. हे बँक आपणहून सांगेलच असे नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरण (कर्जाच्या प्रमुख अटी आणि खर्च सोप्या रूपात मांडणारा कागद) देणे बंधनकारक आहे, तेही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. म्हणजे मराठीत मागण्याचा हक्क आहे. त्यातल्या परतफेडीच्या तक्त्यात पहिल्या हप्त्याच्या दिवशीची शिल्लक पाहावी आणि मगच सही करावी. बँकांनी हा आकडा मंजुरीपत्राच्या पहिल्याच पानावर ठळक छापावा, एवढी मागणी आहे.

– एक वाचक, नाशिक