बाबांच्या ऑपरेशनआधी आई-बाबांना पत्र

पुणे, रविवार

ति. बाबा आणि ति. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं बायपास पुण्यातच करायचं, असं मी आणि दादाने ठरवलं आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटची तारीख घेतली, आगाऊ रक्कमही भरून झाली. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि आई रडायला लागली असती, म्हणून लिहिते आहे. आधी शेवटपर्यंत वाचा, मग हवं तेवढं रागवा.

तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात का नाही, हे पहिल्यांदा सांगते. तिथल्या सर्जनबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्यांचा हात चांगला आहे. मला काळजी आहे ती ऑपरेशननंतरच्या रात्रीची. पेशंट व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनवर असताना एक सिस्टर फक्त त्याच्यापाशी हवी. इथे ती असते, मी स्वतः बघितलं आहे. शिवाय माझं घर रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, दादालाही रात्रीचं थांबता येईल, आणि आईला तिथल्या कॉरिडॉरमध्ये सतरंजीवर झोपावं लागणार नाही. खर्चाचं म्हणाल तर फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. त्याचा हिशोब दादा घेऊन येईल, बाबांनी तपासावा.

आता खरं बोलते. बाबा, तुमचं मन कशात अडकलंय ते मला माहीत आहे. आप्पांना मशीनवर टाकलं आणि त्यानंतर जे झालं, त्याबद्दल आपण घरात कधी बोललोच नाही. "मला नळी नको" हे तुम्ही तपासणीच्या टेबलावर म्हणालात तेव्हा डॉक्टरांना कळलं नाही, मला कळलं. आप्पांच्या वेळी मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आज आयसीयूत इतकी वर्षं काढल्यावर तुम्हाला नीट समजावून सांगू शकते, म्हणून सांगते.

आप्पांना झाला तसा न्यूमोनिया नळीच्या वाटेने येतो. नळी तोंडातून, स्वरयंत्रामधून श्वासनलिकेत जाते. तिच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, तो फुगवला की हवा बाजूने निसटत नाही. पण तोंडातली लाळ, घशातला चिकट स्राव त्या फुग्याच्या वर साचत राहतो आणि फुग्याच्या बारीक सुरकुत्यांतून थेंब थेंब खाली उतरतो. एरवी आपल्याला जोरात ठसका लागला असता. नळी आणि झोपेचं औषध असताना तो ठसका नीट येतच नाही. त्या थेंबांबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात पोचतात. आजारी माणसाच्या तोंडात दोन-चार दिवसांत जंतूही बदलतात, हॉस्पिटलातले चिवट जंतू येऊन बसतात, आणि आपल्याकडे त्यातल्या बऱ्याच जंतूंना साधी अँटिबायोटिक्स दाद देत नाहीत.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. वाट कळली की ती अडवता येते, एवढ्यासाठी लिहिते आहे. नळी घातल्यापासून 48 तास उलटल्यावर जो होतो, त्यालाच व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया धरतात. बायपासच्या बहुतेक पेशंटची नळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निघते. तुम्हाला आकडा लागतो म्हणून देते. दीर्घकाळ मशीनवर असलेल्यांच्या कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या 5 दिवसांत हा धोका दिवसाला सुमारे 3 टक्के निघाला होता. म्हणजे जितकी लवकर नळी निघेल तितकं बरं, आणि आमची सगळी धडपड त्यासाठीच असते. सकाळी झोपेचं औषध कमी करतात किंवा थांबवतात. "बाबा, डोळे उघडा, माझा हात दाबा" म्हणतात. मग मशीनचा आधार कमी करून स्वतःहून श्वास घेता येतो का ते बघतात.

त्या वेळी एक होईल, ते आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही जागे व्हाल आणि बोलता येणार नाही. आवाज गेला असं वाटेल. गेलेला नसतो, नळी निघाली की येतो. हातांना मऊ पट्टे बांधलेले असतील, ते नळी ओढली जाऊ नये म्हणून. "हो"साठी एकदा हात दाबा, "नाही"साठी दोनदा. हे मी तिथल्या सिस्टर इन्चार्जना सांगून ठेवलं आहे. खडूची पाटी पाहिजे असेल तर तीही ठेवायला सांगते, तुम्हाला पाटीवर लिहायची सवय आहेच.

आणि ते तुम्हाला आडवं निजवणार नाहीत. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर असेल. पलंगालाच कोन दाखवणारी खूण असते. आडवं ठेवलं की पोटातलं वर येतं आणि चुकीच्या वाटेला लागतं. 1999 साली बार्सिलोनात 86 पेशंटवर हे तपासलं होतं. आडवं ठेवलेल्यांत 23 टक्के लोकांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला न्यूमोनिया झाला, उंच ठेवलेल्यांत 5 टक्के. मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा तुम्ही काय करत होतात, आठवतं का? रात्रभर मला खांद्याला लावून, भिंतीला टेकून बसायचात. आडवं केलं की मी घुसमटायचे म्हणून तुम्ही स्वतः पाठ टेकली नाहीत. सकाळी तशीच शाळा. आई म्हणते, तुमच्या सदऱ्याचा खांदा माझ्या लाळेने कडक व्हायचा. बार्सिलोनाचा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आधी तो खांदा आठवला.

रात्रीच्या ड्यूटीत आम्ही काय करतो तेही बघा. फुग्यातला दाब छोट्या मीटरने मोजतो, तो पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटर उंचीच्या दाबाइतका ठेवतो. कमी झाला तर स्राव झिरपतो, फार वाढला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. मशीनच्या नळ्यांत वाफेचं पाणी साचतं, ते पेशंटकडे वाहू न देता काढून टाकतो. प्रत्येक स्पर्शाआधी आणि नंतर जंतुनाशकाने हात चोळतो, कितीही घाई असो. आणि दात घासतो. बेशुद्ध माणसाचेसुद्धा. लहान मऊ ब्रश, एका हातात सक्शन (लाळ ओढून घेणारी नळी), गाल बाजूला करून एकेक दाढ. पूर्वी आम्ही क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक तोंडात फिरवून मोकळे व्हायचो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2022च्या सूचनांत ते मागे घेतलं आणि साध्या ब्रशलाच महत्त्व दिलं. मला विचाराल तर आयसीयूतलं सगळ्यात कमी लेखलं गेलेलं काम हेच आहे.

एवढं करूनही कुणाला होतच नाही असं मी म्हणणार नाही, तुमच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही. पण आप्पांच्या वेळी यातलं कुणी काय केलं, काय नाही, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. या वेळी मला विचारता येईल आणि मी विचारणार आहे.

आता तुमची कामं. बाबा, बिडी आजपासून बंद. "एखादी" नाही, कट्ट्यावरची नाही, कुणाच्या हातातली नाही. चार आठवड्यांहून जास्त वेळ हातात आहे, आणि फुप्फुसांना तेवढा वेळ लागतोच. तंबाखूची डबीही आईच्या ताब्यात द्या. खालची हलणारी दाढ याच आठवड्यात दाखवा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे दंतवैद्याला आधी सांगा आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सकाळ-संध्याकाळ ब्रश. फिजिओथेरपिस्टने दिलेलं श्वास ओढायचं यंत्र डॉक्टरांना विचारूनच घेतलं आहे, ते शोकेसमध्ये ठेवायला दिलेलं नाही. नेदरलँड्समधल्या 2006 सालच्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या ज्या बायपासच्या पेशंटनी ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे असा व्यायाम केला, त्यांच्यात नंतरचा न्यूमोनिया निम्म्याहून कमी झाला. रोज सांगितलं आहे तेवढं करा आणि वहीत लिहा. मध्येच छातीत दुखलं किंवा दम लागला तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच दादाला फोन.

आई, तुझ्यासाठी खालची खोली तयार आहे. कमोड आहे, गरम पाणी आहे, पलंग खिडकीशी लावला आहे. चहा तुझ्या चवीचाच, आलं ठेचून. देव्हारा छोटा आहे पण आहे. म्हशीचं दूध काढायला शेजारच्या काकू तयार आहेत, मी बोलले त्यांच्याशी. फक्त एक ऐक. नळी काढल्यावर बाबा पाणी मागतील, ओठ कोरडे असतील, तुला बघवणार नाही. तरी सिस्टरने गिळता येतंय का ते तपासून "द्या" म्हटल्याशिवाय चमचाभरसुद्धा पाजायचं नाही. पदराआडून शिरा तर मुळीच नाही. भेटायला एका वेळी एकच जण, हात धुऊन. आत्याला हे तूच सांग, माझं ती ऐकणार नाही.

ऑपरेशननंतर खोकताना टाके दुखतील, बाबा. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं, पण खोकायचं. खुर्चीत बसा म्हणाले की बसायचं. मला तिथे मुलगी म्हणूनच राहू दे, अशी मी डॉक्टरांना विनंती केली आहे, त्यामुळे ओरडणाऱ्या सिस्टर वेगळ्या असतील. त्यांचं ऐका.

दादा शनिवारी गाडी घेऊन येतो आहे, आधीच्या तपासण्यांसाठी. सगळे जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि आईचा चष्मा एका पिशवीत भरून ठेवा. एस.टी.ने निघू नका.

तुमची,
सुमी

ता. क. बाबा, "बघू" म्हणायचं असेल तर शनिवारी दादासमोर म्हणा, मी फोनवर असेन.