पक्याला पत्र: चार की सात

भांडुप, गुरुवार रात्र

प्रिय पक्या,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही, मधे दोनदा तुझा फोनही उचलला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर थोडी वर गेलीय, गोळी चालू आहे, मंजूनं रात्रीचा भात बंद केलाय. बाकी सगळे मजेत.

फोन न करता लिहायला बसलोय, कारण फोनवर तू पहिल्याच वाक्याला हसशील, मग मीही हसेन आणि सांगायचं ते राहून जाईल. तर ऐक. मागच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी मी वर्गात एका मुलीला म्हणालो, "बाहेर जाऊन जरा वारा खाऊन या."

ओळखलंस वाक्य? कॉलेजात नेटवर्किंग शिकवणाऱ्या आपल्या सप्तपदी सरांचं, थर सात नाहीत, चारच, असं तू म्हणालास तेव्हाचं! शब्द तेच, आणि म्हणताना हातही तसाच दाराकडे गेला. तोंडातून निघालं आणि मला तू दिसलास, तिसऱ्या बाकावरून वही उचलून निघालेला.

दादरचा माझा शनिवारचा वर्ग तुला माहीत आहे. सिक्युरिटी प्लस, सीआयएसएसपी वगैरे सायबर सुरक्षेच्या परीक्षांना बसणारी मंडळी. सगळे नोकरी करून येतात, पदरचे पैसे भरून येतात. ही मुलगी ऐरोलीहून येते, रात्रपाळी संपवून. कुठल्याशा कंपनीत रात्रभर अलर्ट बघत बसते आणि सकाळी नऊला माझ्यासमोर, डोळे तांबारलेले. त्या दिवशी धडा होता थरांचा, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलण्याची कामं कुठल्या मजल्यांत वाटायची त्याचा. मी फळ्यावर ओएसआय नावाच्या नकाशाचे सात डबे काढले, बाजूला इंटरनेट ज्यावर चालतं त्या टीसीपी/आयपीचे चार, आणि मधे बाण. वरचे तीन (सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन) मिळून एक, खालचे दोन मिळून एक, मधले दोन जिथल्या तिथे. डबेवाल्यांचं उदाहरणही दिलं. (हो, दिलं. तू नाक मुरडलेलं दिसलं मला.) मग वायरशार्क, म्हणजे तारेवरचे बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून एक फ्रेम (तारेवरून जाणारं एक पूर्ण पाकीट) दाखवली, ब्राउजर एका साइटशी बोलणं सुरू करतो ती पहिली हाक.

ती पुढे येऊन स्क्रीनवर बोट ठेवून मोजायला लागली. पहिले १४ बाइट इथरनेटचे, सहा पोचायच्या पत्त्याचे, सहा पाठवणाऱ्याचे, मग ०८ ००, म्हणजे आत आयपी आहे. पुढे ४५, आयपी सुरू, २० बाइट. त्यातच एक ०६, म्हणजे आत टीसीपी. टीसीपीचे २०. झाले ५४. पंचावन्नाव्या बाइटला १६ ०३ ०१, टीएलएस, म्हणजे साइटशी बोलणं कूटलेखनानं झाकणारा प्रोटोकॉल, सुरू. मग मागे वळून म्हणाली, "सर, पाकिटावर पाकीट मोजत आले. सेशनचं पाकीट कुठलं आणि प्रेझेंटेशनचं कुठलं? आणि हे टीएलएस नक्की कितव्या थरावर? एका पुस्तकात चार लिहिलंय, एकात पाच, एकात सहा."

मी म्हणालो, "सहा लिहा." ती म्हणाली, "परीक्षेत सहा लिहीन, पण खरं काय?" इथे माझं डोकं फिरलं. म्हणजे खरं कारण असं की त्या सकाळी हिंदमाताला पाणी होतं, मी पाऊण तास उशिरा पोचलो होतो, पोर्शन मागे होता. आणि खरं कारण असंही की मला उत्तर येत होतं, पण सरळ सांगायचं तर फळ्यावरचे अर्धे बाण पुसावे लागले असते. म्हणालो, "परीक्षेत जे आहे तेच खरं." ती म्हणाली, "मग हे ५४ बाइट खोटे?" सगळे हसले. आणि मी ते वाक्य बोललो.

गेली. परत आलीच नाही, आणि गेल्या शनिवारीही आली नाही.

आता तू म्हणशील, फोन कर. नंबर आहे रे. पण काय सांगू ते आधी तुला दाखवून घ्यायचंय, कारण यातलं तुला जास्त कळायचं आणि अजूनही कळत असणार, कितीही काजूच्या बिया मोजत बसलास तरी.

मी तिला असं सांगणार आहे. दोन नकाशे आहेत आणि ते दोन वेगळ्या घरांतले आहेत, एकातून दुसरा निघालेला नाही. टीसीपी मांडणारा सर्फ आणि कान यांचा पेपर १९७४चा, आणि १ जानेवारी १९८३ला अर्पानेट, इंटरनेटचा पूर्वज, जुनं एनसीपी टाकून टीसीपी/आयपीवर आलं. तेव्हा ओएसआयचं मानक छापलंही नव्हतं, ते आलं १९८४ला. पण सगळीकडे शिकवतात अशा थाटात, की आधी सात होते, मग कुणीतरी आळशीपणानं चार केले. प्रत्यक्षात इंटरनेटवाल्यांनी आधी यंत्र चालवलं आणि त्याचं वर्णन मागाहून नीट लिहून काढलं. आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ते चार थर आहेत, साल १९८९. ओएसआयवाल्यांनी उलट केलं. आधी समित्यांनी नकाशा काढला, मग त्याबरहुकूम प्रोटोकॉल लिहिले. अमेरिकी सरकारनं १९९० पासून आपल्या खरेदीत ते सक्तीचेही केले, तरी लोकांनी वापरलं ते जे आधीच चालत होतं तेच. म्हणून तिला सेशनचं पाकीट सापडलं नाही. त्या थरांची कामं कुणीतरी करतंच, पण स्वतःचं पाकीट घालून नाही.

मग टीएलएस कुठे? टीसीपीच्या डोक्यावर, ॲप्लिकेशनच्या पायाखाली. चार थरांच्या हिशोबात ते वरच्या डब्यात गेलं. सातांच्या हिशोबात कुणी कूटलेखन बघून सहावर टाकतं, कुणी जोडणी बांधणं-मोडणं बघून पाचवर, आणि नावातच 'ट्रान्सपोर्ट' आहे म्हणून कुणी चारवर. प्रश्नात कुठला नकाशा दिलाय आणि कशावर बोट ठेवलंय ते वाच, मग गोळा भर. क्विक नावाचा नवा प्रोटोकॉल तर आणखी गंमत आहे. ते टीसीपीऐवजी यूडीपीवर बसतं आणि टीएलएस १.३ पोटात घेऊन हिंडतं. त्याला डबा शोधायला बसलो तर रात्र जाईल.

आणि हे मला त्या रात्री घरी येऊन आठवलं, पक्या. टीएलएसमध्ये सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो ना, ते एक्स.५०९. ते आलं एक्स.५०० या डिरेक्टरी-मानकांच्या कुटुंबातून, १९८८ साली. म्हणजे ओएसआयच्या घरातून! ज्या घराला तू वर्गात उभं राहून 'कागदी वाडा' म्हणालास, त्या वाड्यातली एक किल्ली आज प्रत्येक ब्राउजरच्या खिशात आहे. हे सप्तपदीला माहीत असतं तर त्यानं तुला बाहेर न काढता इथेच गप्प केलं असतं.

कारण एका बाबतीत मी तुझ्याशी अजूनही भांडणार आहे. तू म्हणायचास सातची गरजच नाही. चूक. दोन वर्षांपूर्वी लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारातल्या ऑफिसात मला रात्री अकराला बोलावलं. सर्व्हर मधेच दिसतो, मधेच गायब. मी शहाण्यासारखा वरून सुरुवात केली. ॲप्लिकेशन बघितलं, प्रमाणपत्र बघितलं, डीएनएस बघितलं, फायरवॉलचे नियम एकेक बंद करून बघितले. दोन वाजले. तिथला पोऱ्या झोपला. मग स्विचच्या त्या पोर्टवर गेलो तर सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा) आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळतोय. फरशी उचलली. प्लगपासून वीतभर अंतरावर केबल उंदरानं अशी कुरतडलेली, की आतलं तांबं बत्तीखाली चकाकत होतं. खाली मूठभर भुसा, आवरणाचा. चार थरांच्या नकाशात हा उंदीर 'लिंक'मध्ये कुठेतरी बसतो. सातांच्या नकाशात त्याला स्वतःचा मजला आहे, पहिला. आणि सिक्युरिटीवाल्याला तो मजला वेगळा लागतोच. रिसेप्शनमागच्या उघड्या जॅकमध्ये कुणी लॅपटॉप खुपसला तर तिथे काय कूटलेखन कामाला येणार आहे?

म्हणून बघ, टीसीपी/आयपीचे भक्तसुद्धा बोलताना 'लेयर टू स्विच', 'लेयर सेव्हन फायरवॉल' असंच बोलतात. आकडे हरलेल्याचे आणि वायर जिंकलेल्याची. एसवायएन फ्लड (अर्धवट जोडण्यांचा पूर) चारवर, खोटा आयपी तीनवर, खोटं एआरपी (आयपीवरून यंत्राचा पत्ता शोधणारं) दोनवर. कुठला पहारेकरी कुठल्या मजल्यावर उभा करायचा ते या आकड्यांनी चटकन सांगता येतं. पण फ्रेम उघडून मोजायला बसलात तर चारचा नकाशा खरा.

एआरपीचं नाव काढलंय तर तेही मिटवून टाकू. तू दोन म्हणालेलास, मी तीन, आणि आपण दोन दिवस बोललो नव्हतो. कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर वडापाव खाल्ला. ते आयपी पत्ता सांगून यंत्राचा पत्ता विचारतं म्हणून मी तीन म्हणत होतो. पण स्वतः जातं सरळ इथरनेटच्या फ्रेममध्ये, ०८ ०६ लावून, आयपीचं पाकीट न घालता, आणि राउटरपलीकडे काही जात नाही. तेव्हा दोन. घे. वीस वर्षं उशिरा, पण लेखी देतोय.

आणि आता ते दुसरं, जे लेखी द्यायला जड जातंय. त्या दिवशी तू बाहेर गेलास तेव्हा मला माहीत होतं तू बरोबर आहेस. आदल्याच संध्याकाळी सायबर कॅफेत आपण दोघांनी ते आरएफसी उघडून वाचलं होतं, तासाचे तीस रुपये अर्धे-अर्धे भरून. सप्तपदीनं विचारलं, "आणखी कुणाला चारच दिसतात का?" मी वहीत समास आखत बसलो. टर्मवर्कच्या सहीसाठी तू पंधरा दिवस त्याच्या केबिनबाहेर उभा राहिलास. माझी सही पहिल्याच दिवशी झाली. तू कधी काढलं नाहीस ते. 'समास आखणारा' म्हणून हाक मारायचास तेवढंच, आणि मी हसायचो.

त्या शनिवारी त्या मुलीला बाहेर काढल्यावर मी बाकीच्यांकडे बघितलं. तेरा जण. त्यातला एक जण खाली मान घालून फोनवर काहीतरी टाइप करत होता. तिचं पटलं असणार त्याला. नुसतं बसलं होतं पोरगं.

या शनिवारी फळ्यावर ती फ्रेम पहिली काढणार आहे, सगळे बाइट, आणि थर त्याच्यानंतर. उद्या तिला फोन करीन. सकाळी नको, सकाळी ती झोपलेली असते. दुपारी चारनंतर. तू त्याआधी हे वाचून कुठे चुकलो ते कळव. व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकलीस तरी चालेल, 'बरोबर' किंवा 'गाढवा'.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? कुडाळला करणार की गोव्याला? इथे आणायचं म्हणत असलास तर जागा आहे, मंजूनं निरोप सांगितलाय. फणसाचे गरे मिळाले, सगळे मीच खाल्ले, साखर का वाढली ते आता कळलं असेल. धाकटीचा दहावीचा निकाल कळव.

तुझा,
दिन्या

ता. क. त्या रात्री लोअर परळला कुरतडलेलं टोक कापून नवा प्लग लावला तो तुझ्या क्रिंपिंग टूलनं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, तू पाठ करून घेतलेलं तसंच पुटपुटत. म्हणजे ते हरवलं म्हणून तुला सांगितलं होतं ते खोटं होतं. लाल मुठीवर तू ब्लेडनं कोरलेलं 'प' अजून आहे. परत मिळणार नाही.