स्वेटर राहू दे, आधी सनकोट घे

धुळे, ४ ऑक्टोबर

प्रिय मेघा,

कशी शे वं तू? (घाबरू नकोस, इथे आलीस की महिन्याभरात अहिराणी कळायला लागेल. बोलायला मात्र जन्म जातो.)

दिवाळीनंतर धुळ्याला हजर व्हायचं ठरलं आणि तुझी पहिली काळजी काय, तर कपडे! घर, पाणी, भाड्याचं काही नाही. हॉस्टेलमध्येही तू अशीच होतीस, त्यामुळे मला जरासुद्धा नवल वाटलं नाही. उन्हाळ्यातले कपडे रत्नागिरीलाच ठेवून इथल्यासाठी सगळे नवे, गरम घ्यावेत का, असं विचारलंस. अजिबात नको. सेल लागला म्हणून तर मुळीच नको.

आत्ता या क्षणी इथे कपाळावरून घाम निथळतोय. पाऊस मागे फिरला की आभाळ स्वच्छ होतं, जमीन अजून ओली असते आणि वरून ऊन तापतं. हा आमचा ऑक्टोबर. मग दिवाळीच्या आसपास एके दिवशी पहाटे पंखा बंद करावासा वाटतो. त्याच दिवशी दुपारी तो पुन्हा लावावा लागतो! समुद्र तुमच्याकडे, त्यामुळे रात्र आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. इथे हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी तू पेपरात वाचली असशीलच. पण त्याच दिवशी दुपारी दोन वाजता मी साध्या सुती कुर्त्यात गच्चीवर पापड वाळत घालत असते, हे काही पेपरात येत नाही.

म्हणून इथे जाडजूड एकच कपडा कामाचा नाही. एकावर एक घालायचं आणि ऊन चढेल तसं उतरवायचं.

हे मी कुठल्या मासिकातून नाही शिकले. दसरा झाला की आमच्या गावाकडे कपाशीची वेचणी सुरू होते. सकाळी बायका शेतात निघतात तेव्हा साडीवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट असतो, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. पानांवर दव असतं, बोंडांची टोकं हाताला ओरबाडतात आणि गारठाही असतो. तो एक शर्ट तिन्ही कामं करतो. दहा-अकरापर्यंत ऊन लागायला लागलं तरी शर्ट निघत नाही, कारण आता तो उन्हाला आड येतो. आपल्या आजूबाजूला फॅशन म्हणून जे काय चालतं, त्यापेक्षा मला हे डोकं जास्त आवडतं.

शहरात त्याच जागी सनकोट आहे. सनकोट म्हणजे स्कूटीवर बसणाऱ्या बायका उन्हाळ्यात अंगावर चढवतात तो पांढरा सुती कोट, हाताची बोटंसुद्धा झाकणारा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पंचेचाळीसच्या वर तापतं, तेव्हा त्याच्याशिवाय बाहेर पडणं म्हणजे वेडेपणा. पण नोव्हेंबरात सकाळी ऑफिसला जाताना वारा अंगात घुसतो, तो अडवायलाही हाच उपयोगी. खालून कुर्ता, त्यावर पातळ स्वेटर किंवा बंडी, वरून सनकोट. ऑफिसात पोचलीस की कोट डिकीत, अकरा वाजता बंडी खुर्चीवर. आग्रा रोडवर नाहीतर पाचकंदीलच्या बाजारात फिरू आणि तुझ्या मापाचा घेऊ. आणि हो, अंगठ्याचे मोजे घे, चपलेत चालतात. पायांना भेगा पडतात गं इथे.

आता तू काय आणू नकोस, ते ऐक. तुमच्याकडे पावसात पटकन वाळतात म्हणून घेतलेले ते सगळे नायलॉन-पॉलिस्टरचे कुर्ते. कोरड्या थंडीत ते अंगाला चिकटतात आणि रात्री डोक्यावरून काढताना चटचट आवाज होतो, अंधारात बारीक ठिणग्यासुद्धा दिसतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा ओरडशील. तुझ्या सुती साड्या मात्र सगळ्या आण, मलमलच्याही. त्यांच्यावर लांब बाह्यांचा ब्लाउज आणि शाल असली की जानेवारीही निघतो. शाल एकच घे, पण लोकरीची. ॲक्रिलिकची नुसती फुगलेली दिसते.

उरलेले कपडे तिथे ठेवणार असशील तर धुऊन, स्टार्च न करता ठेव. स्टार्चवर कसर लागते. जरीची पैठणी मलमलमध्ये गुंडाळ, तिच्यात डांबरगोळ्या टाकू नकोस, जरीचे धागे काळे पडतात. आणि रत्नागिरीच्या दमटपणात बंद ठेवलेली लोकर असेल तर ती तशीच बॅगेत कोंबू नकोस. इकडे आल्यावर इथलं ऊन दाखवू. एका दुपारीत वास जाईल.

रात्रीसाठी काहीच आणू नकोस. आमच्याकडे गोधड्या आहेत. आईच्या जुन्या लुगड्यांच्या, थरावर थर घालून हाताने टाचलेल्या. त्यातली हिरवी तुझी. रजईत तुला घाम येईल, गोधडीत येत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी वाद घालत नाही.

एक जुना कपडा मात्र मुद्दाम आण, ज्याचं काहीही झालं तरी चालेल असा. चंपाषष्ठी झाली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजतात, त्या धुराचा वास कपड्यातून दोन धुण्यांत जात नाही. चांगली शाल अंगावर घेऊन बसलीस तर रडशील. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि मिरचीचं ते भरीत खाल्लंस की अंगातली थंडी तशीही पळते. आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊ. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, मैलभर नुसते घोडे! संध्याकाळनंतर नदीवरून जो वारा येतो ना, तिथे मात्र कानटोपी लागते. लाजायचं नाही. तिथे सगळ्यांच्या डोक्यावर काहीतरी असतंच.

सातपुड्यातल्या तोरणमाळचं नंतर बघू. थंड हवेचं ठिकाण ते, तिथली थंडी वेगळ्या दर्जाची आहे, तिच्यासाठी जाड कपडे लागतील, माझ्याकडचे देईन.

स्वेटर हवाच असेल तर आल्यावर घे. थंडीत तिबेटी स्वेटरवाले रस्त्याकडेला दुकानं मांडतात. भाव करायला मी येईन, तू फक्त गप्प उभी राहा. तुझा चेहरा पाहून ते किंमत वाढवतील.

बस लळिंगचा घाट उतरली की फोन कर, घ्यायला येते. आणि एवढे कपडे कमी केल्यावर बॅगेत जागा उरेलच, तिच्यात आमसुलं भर. किलोभर तरी. इथे मिळतात ती काळी ठिक्कर आणि खारट, आईला मुळीच चालत नाहीत.

तुझी,
शैला