हुर्यो आपल्याच पोराची, फायदा समोरच्या संघाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या सुरू झाल्या की सोलापूरच्या मैदानांवर एक आरोळी हमखास कानावर येते : ‘काढ बे त्याला!’ ती समोरच्या शाळेच्या पोरासाठी नसते. आपल्याच शाळेचा डावा बचावपटू असतो, वय तेरा-चौदा, ओल्या मातीत चेंडू त्याच्या बुटाखालून निसटून रेषेबाहेर गेलेला असतो. ओरडणारे बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर जागून युरोपातले सामने पाहणारे तरुण असतात, कधी पालकही. टीव्हीवरचे मैदानावर उतरायला वेळ लागत नाही, म्हणून आधी टीव्हीवरच्या हुर्योबद्दल.

६ डिसेंबर २००८, लंडन, आर्सेनल विरुद्ध विगन, दोन्ही इंग्लंडमधले क्लब. आर्सेनलचा एमॅन्युएल एबुए हा मुळात उजव्या बगलेचा बचावपटू, दुखापतीतून नुकताच परतलेला. पहिल्याच अर्ध्यात समीर नासरी जायबंदी झाला म्हणून एबुएला डाव्या बाजूला मधल्या फळीत उतरवले. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या रेषेवर चेंडू घेतो तेव्हा तो आपोआप आत वळतो, आणि आत तर गर्दी असते. पास चुकू लागले. एकदा त्याने आपल्याच सहकाऱ्याच्या पायातला चेंडू काढून घेतला. मग प्रत्येक स्पर्शाला घरच्याच स्टेडियममधून हुर्यो सुरू झाली, आणि सामना संपत आला असताना प्रशिक्षक वेंगर यांनी बदली म्हणून आणलेल्या खेळाडूचीच बदली केली. आर्सेनलने तो सामना १-० असा जिंकला, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. त्याला त्या जागी उभा कुणी केला, हा प्रश्नही त्या दिवशी गॅलरीतून आला नाही.

संघ हरत असतो म्हणून लोक चिडतात, हा समजही खरा नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडने सान मारिनोला ६-० असे हरवले, त्या सामन्यात इंग्लंडचाच जॉन बार्न्स चेंडूला पाय लावील तेव्हा इंग्लंडचेच प्रेक्षक हुर्यो करत होते. ऑक्टोबर २००८ मध्ये कझाकस्तानविरुद्ध इंग्लंडच्या ॲशली कोलच्या एका आखूड पासवर समोरच्यांचा गोल झाला. इंग्लंड शेवटी ५-१ असे जिंकले, तरी पुढचा सगळा वेळ कोलच्या वाट्याला तेच. मार्च २०२२ मध्ये आयव्हरी कोस्टविरुद्ध इंग्लंडच्या हॅरी मॅग्वायरचे नाव पुकारताच आवाज सुरू झाला, म्हणजे त्याने अजून चेंडूला पायही लावला नव्हता. राग मँचेस्टर युनायटेड या क्लबमधल्या त्याच्या खेळाचा होता, वसूल झाला देशाच्या जर्सीकडून. त्याआधी आठ-नऊ महिन्यांपूर्वीच युरो स्पर्धेच्या सर्वोत्तम अकरांत त्याची निवड झाली होती. आणि ओवेन हारग्रीव्ज : २००६ च्या विश्वचषकाआधी त्याला इंग्लंडच्याच पाठीराख्यांनी शिट्ट्या घातल्या. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तोच सामनावीर ठरला, पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंडकडून गोल करणारा तो एकटा होता, आणि वर्षअखेरीस पाठीराख्यांनीच त्याला वर्षाचा खेळाडू म्हणून निवडले.

मार्च २०२२ मधलाच पॅरिसचा प्रकार तर मासलेवाईक. चार दिवसांपूर्वी रेआल माद्रिदने पॅरिसच्या पीएसजी क्लबला चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतून बाहेर काढले होते. बोर्दोविरुद्ध ३-० असे जिंकत असताना मेस्सी आणि नेमार यांना प्रत्येक स्पर्शाला शिट्ट्या, नेमारने गोल केला तरी शिट्ट्या, एम्बापेला मात्र टाळ्या.

आता मुद्द्याचे. फुटबॉलमध्ये एका खेळाडूच्या पायात चेंडू असतो तो नव्वद मिनिटांत जेमतेम दोन-तीन मिनिटे. उरलेल्या वेळात त्याने कुठे उभे राहायचे, कुणाला जागा मोकळी करून द्यायची, यावर संघ चालतो. हुर्यो पहिल्यांदा तिथे घाव घालते. खेळाडू चेंडू मागायचा थांबतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला जाऊन उभा राहतो. लांबून वाटते धावतोय, पण पास देणाऱ्याला त्याचा रस्ता बंद दिसतो. तरीही चेंडू आलाच तर अंग उघडे ठेवून पुढच्या पायावर घेण्याऐवजी तो पाठ करून घेतो आणि आला तसा मागे ढकलतो. घोटा ताठ झालेला असतो, त्यामुळे पहिला स्पर्श पायापासून हातभर अंतरात राहण्याऐवजी दोन मीटर उडतो. निसटलेला चेंडू परत मिळवायला तो पाय फेकतो, तिथे फाउल होतो, पिवळे कार्ड दिसते. मग गॅलरी म्हणते, बघा, सांगत नव्हतो?

सहकारीही माणसेच. दोन-तीनदा असे झाले की ते त्याला पास देणे टाळतात. म्हणजे संघ दहा जणांचा झाला, तोही लाल कार्ड न मिळता.

आणि समोरच्या बाकावरचा प्रशिक्षक बहिरा नसतो. कुठल्या खेळाडूवर लोक उखडले आहेत हे त्याला कागद-पेन न घेता कळते. तो आपल्या आघाडीच्या पोरांना सांगतो : बाकीच्यांवर दाब ठेवा, त्या एकाला मोकळा सोडा, पास त्याच्याकडेच जाऊ द्या, आणि चेंडू त्याच्या पायाशी पोचायच्या आत दोघांनी झेप घ्या. दाबाचा सापळा असाच लावतात, फक्त एरवी कच्चा दुवा शोधायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ते काम आपली गॅलरी फुकट करून देते.

बरे, तो कच्चा दुवा तरी खरा असतो का? गोल झाला की सगळ्यांना दिसतो शेवटचा माणूस, गोलरक्षक किंवा बचावपटू. प्रत्यक्षात दोन पास मागे जाऊन पाहावे. मधल्या फळीतल्याने चेंडू गमावल्यावर तो परत धावला का, बगलेचा खेळाडू वर अडकून राहिला होता का, तिथे उत्तर असते. सोलापुरात हे सांगायला फार कष्ट पडू नयेत. चादरीत फट दिसली तर मागवाला चादरीवर डाफरत नाही, ताण्यात कुठला धागा तुटला ते पाहतो. शिवाय शरीराचे काय चालले आहे ते गॅलरीला दिसत नाही. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक कारियस याने दोन ढोबळ चुका केल्या. नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की त्याच्या डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसला होता.

ग्रानित झाकाचे उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवले. ऑक्टोबर २०१९, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आर्सेनलची २-० आघाडी २-२ झालेली, ६१ व्या मिनिटाला कर्णधार झाकाची बदली. तो हळू चालत निघाला, हुर्यो वाढली, त्याने कानाला हात लावून आणखी ओरडा अशी खूण केली आणि जर्सी काढली. कर्णधारपद गेले. तो चुकला यात वाद नाही. पण क्लबने त्याला टिकवले, आणि २०२३ मध्ये जाताना शेवटच्या सामन्यात त्याने दोन गोल केले. पुढच्याच हंगामात लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता बुंडेसलिगा ही जर्मन लीग जिंकली, तेव्हा मधल्या फळीचा कणा झाका होता.

प्रेक्षकांनी तोंडाला कुलूप लावावे असे आमचे म्हणणे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले, कारण तिकीट ७७ पौंडांवर नेण्याचा घाट होता. मालकांनी तो बेत मागे घेतला. राग योग्य पत्त्यावर पोचला की असे होते. २०१८ मध्ये जर्मन प्रेक्षकांनी आपल्याच ओझिल आणि गुंडोआन यांच्यावर काढलेला राग तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबतच्या छायाचित्राचा होता, खेळाचा नव्हता, त्याची गोष्ट वेगळी. आणि कधी कधी हुर्यो हुर्यो नसतेच : २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिथलाच मॅथ्यू बूथ चेंडूला पाय लावी तेव्हा लोक प्रेमाने ‘बूऽऽथ’ म्हणत, आणि ते ‘बूऽऽ’ ऐकून परदेशी पत्रकारांना वाटले गोऱ्या खेळाडूची टर उडवताहेत.

आपल्याकडे उदाहरण क्रिकेटचे दिले जाते. २००६ मध्ये वानखेडेवर सचिन एका धावेवर बाद झाला तेव्हा काहींनी हुर्यो केली, २०२४ मध्ये त्याच मैदानावर हार्दिक पंड्याची केली आणि तीन महिन्यांत विश्वविजेता म्हणून त्याच्याच नावाचा जयघोष केला. ते पचवतात तर आमची पोरे का नाही, असे विचारतात. पण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला जागा असते. फुटबॉलमध्ये चूक आणि पुढचा चेंडू यांच्यात कधी कधी चार सेकंदही नसतात. सुनील छेत्रीने २०१८ मध्ये मुंबईच्या रिकाम्या गॅलरीकडे पाहून, शिव्या द्या पण मैदानावर या, असे आवाहन केले होते, तेही खरे. पण तो तेव्हा शंभराव्या सामन्याच्या उंबरठ्यावरचा कर्णधार होता. चौदा वर्षांच्या मुलाला ते माप लावू नये.

मग मैदानावर करायचे काय? पंच प्रेक्षकांना कार्ड दाखवू शकत नाही. प्रशिक्षकाला दाखवू शकतो (२०१९ पासून तसा नियम आहे), आणि बाहेरून फारच त्रास झाला तर खेळ थांबवू शकतो. म्हणून बरेचसे काम सामना सुरू व्हायच्या आधीचे आहे. आपल्याकडे लोक थेट चुन्याच्या रेषेवर पाय ठेवून उभे राहतात. रेषेपासून तीन मीटरवर सुतळी बांधावी. चार बांबू आणि एक गुंडी, एवढाच खर्च. पालकांना मैदानाच्या पलीकडच्या, संघांच्या बाकांसमोरच्या बाजूला उभे करावे, नाहीतर प्रशिक्षक एक सांगतो आणि मागून वडील दुसरे. गोलच्या मागे कुणालाच थांबू देऊ नये, तिथले बोलणे गोलरक्षकाला शब्दन् शब्द ऐकू जाते.

चूक झाल्यावर मधल्या बचावपटूने किंवा कर्णधाराने त्या मुलाला पाच-सहा मीटरचा, जमिनीवरून, त्याच्या हुकमी पायावर पास द्यावा, तोही आसपास प्रतिस्पर्धी नसताना. त्याने एका स्पर्शात परत द्यायचा. असे दोन पास झाले की घोटा सैल होतो. लांबचा किंवा उसळता चेंडू देऊन ‘घे, दाखव’ म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा खड्ड्यात ढकलणे.

बदली चुकीच्या लगेच नंतर करू नये. पाच-सात मिनिटे जाऊ द्यावीत, एखादा बरा स्पर्श झाल्यावर काढावे. अपवाद एकच, कार्ड मिळालेले आणि डोके तापलेले असेल तर तत्काळ. आणि इथे एक अडचण हमखास होते. बदली होणाऱ्याने जवळच्या सीमारेषेवरून बाहेर जायचे असते. मुलगा पलीकडच्या बाजूला असेल तर तो पालकांच्या रांगेसमोर बाहेर पडतो आणि मान खाली घालून अख्ख्या मैदानाला वळसा घालत बाकावर येतो. त्या वळशात त्याला काय काय ऐकावे लागते ते कुणीही जाऊन ऐकावे. मधल्या रेषेवरून सोडण्याची मुभा पंच देऊ शकतात, ती आधी मागून ठेवावी. नाही मिळाली तर राखीव खेळाडूंपैकी एकाला पाण्याची बाटली देऊन पलीकडे पाठवावे, दोघे मिळून चालत येतील. त्या दिवशी चुकीवर चर्चा नको. दुसऱ्या दिवशी सरावात तीच परिस्थिती दहा वेळा उभी करावी, बोलणे त्यातच होते.

एक विनंती वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांना. शालेय सामन्याच्या बातमीत ‘अमुकची पेनल्टी हुकली अन् शाळा बाहेर’ असे मुलाचे नाव घालून छापले जाते. ते कात्रण दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर फिरते आणि पुढच्या सामन्यात पेनल्टी घ्यायला कुणी पुढे येत नाही. गोल करणाऱ्यांची नावे जरूर छापावीत, मिनिटांसह छापावीत. हुकलेल्या पेनल्टीसाठी शूटआउटचा ४-३ असा आकडा पुरतो.

आपले,
शालेय फुटबॉलचे काही प्रशिक्षक व पंच,
सोलापूर