पोस्टर बघून इतिहास लिहू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला पोर्तुगालच्या वाईनवरचा लेख वाचला आणि कालपासून डोकं तापलंय. तिथला जुना हुकूमशहा सालाझार, त्याच्या सरकारने द्राक्षवाल्यांना कसा आधार दिला म्हणून पानभर कौतुक, आणि पुरावा काय तर ते जुनं पोस्टर, 'वाईन पिणं म्हणजे दहा लाख पोर्तुगीजांना भाकरी देणं'. अहो, ती सरकारचीच जाहिरात! भाकरी मिळाली का हे मळेवाल्यांना विचारायला नको?

मी मूळचा फोंड्याचा, सध्या लिस्बनला असतो. आमच्या घरमालकीणबाई दाओं भागातल्या, सालाझारचं गावही त्याच भागात. तिथे १९४० च्या दशकात नियम आला की खासगी कंपन्यांनी शेतकऱ्याची द्राक्षं घ्यायचीच नाहीत, ती फक्त सहकारी सोसायटीने घ्यायची, कंपन्यांनी सोसायटीची तयार वाईन उचलायची. बाईंचे वडील बैलगाडीतून द्राक्षं न्यायचे, काट्यावर वजन, हातात पावती, आणि पैसे हप्त्याहप्त्याने पुढच्या वर्षापर्यंत. दुसरा गिऱ्हाईकच नाही तर भाव मागणार कोणाकडे? आणि संपाला तर कायद्यानेच बंदी. आपल्या ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. घरात दूध नसायचं म्हणून पोरांना सकाळी शिळा पाव रेड वाईनमध्ये बुडवून वर साखर घालून द्यायचे आणि तसंच शाळेत पाठवायचे, हे सांगताना बाईंचा आवाज अजून चढतो. साठच्या दशकात थोरला भाऊ अंगोला या पोर्तुगीज वसाहतीतल्या लढाईवर जावं लागू नये म्हणून रात्री लपूनछपून सरहद्द ओलांडून फ्रान्सला पळाला, तो लग्नाकार्यालाही येऊ शकला नाही. याला आधार म्हणायचं?

बरं वाईन तरी सुधारली का, तर तेही नाही. सोसायटीला स्पर्धाच नव्हती, मग चांगल्या द्राक्षाची कदर कोण करणार. पोर्तुगाल १९८६ ला युरोपीय समुदायात गेला त्यानंतर ती मक्तेदारी सुटली आणि मग कुठे दाओंचं नाव परत वर आलं. देशात न खपलेली स्वस्त वाईन अंगोला-मोझांबिक या वसाहतींच्या गळ्यात मारायचे, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही. आमच्या गोव्यावरही १९६१ पर्यंत हेच सरकार होतं, निदान मराठी पेपरने तरी ते लक्षात ठेवावं.

सालाझारच्या गावच्या नगरपालिकेने २०१२ मध्ये 'सालाझारच्या आठवणी' नावाने वाईन काढायचा घाट घातला तेव्हा तिथल्या ट्रेडमार्क ऑफिसने ते नाव नाकारलं. त्यांना जे कळलं ते तुमच्या लेखकाला कळू नये याचं वाईट वाटतं.

आणि हो, फोटोखाली 'दाओंचे मळे' छापलंय. नदीकाठच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावरचे मळे दौरु खोऱ्यातले आहेत, जिथे पोर्ट नावाची वाईन बनते. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि ती शेवटच्या पानावर कोपऱ्यात नको.

– आपला एक जुना वाचक, लिस्बन