फॉरमॅट मारू नकोस, आधी घड्याळ बघ

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास की वायरगार्ड, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारं ते सॉफ्टवेअर, बिघडलंय, रविवारी बसून लॅपटॉप फॉरमॅटच मारतो, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर हे धड सांगता येत नाही म्हणून लिहायला बसलोय. अरे, रविवारी काहीही पुसू नकोस. टनेल, म्हणजे त्याची ती जोडणी, लागतो, दोन-तीन मिनिटं मस्त चालतो, मग एकदम गप्प, आणि रात्री एकच्या सुमाराला आपोआप जिवंत होतो असं तू सांगितलंस ना, अगदी हेच मी गेला दीड महिना सोसलंय, फक्त माझा दुपारी अडीचला जिवंत व्हायचा.

तुला माहितीये, अप्पा बळवंत चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात डीटीपीच्या सगळ्या फायली आहेत आणि तिथे रास्पबेरी पाय ४ नावाचा एक छोटा कॉम्प्युटर ठेवलाय, घरून त्याच्यावर वायरगार्डनं आत शिरायचं. वर्षभर बिनतक्रार चाललं. मग कधीतरी सकाळी बसलो की तीन मिनिटांत लाइन मेली. रोज नाही, हेच वाईट. दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी बंद. आधी राउटर बदलून पाहिला, मग नेटवाल्याला फोन केले, त्यांचं आपलं राउटर बंद करून चालू करा, मग एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १४२० वरून १२८० वर आणला, काही फरक नाही. शेवटी वाटलं, दोन्ही टोकं एकमेकांना जिच्यावरून ओळखतात ती वायरगार्डची चावीच खराब झाली असणार, म्हणून नवीन चाव्यांची जोडी बनवली, ऑफिसात जाऊन पायवर टाकली, आणि लगेच चालू! मला एवढं बरं वाटलं त्या दिवशी. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग लक्षात आलं की नुसता पाय रीस्टार्ट केला तरी चालू होतं, म्हणजे भर पावसात नळ स्टॉपवरून मेट्रोनं डेक्कन, तिथून चालत लक्ष्मी रोडनं ऑफिस, बटण बंद-चालू, परत घरी. असं तीनदा केलंय.

नवीन चावीनं चालतं आणि पाय रीस्टार्ट केल्यावरही चालतं, या दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवून मी आधीच बघायला पाहिजे होत्या. मी मात्र एन्क्रिप्शनवर संशय घेत बसलो.

मग एका सकाळी शांतपणे टीसीपीडंप, नेटवरची पाकिटं दाखवणारं टूल, लावून बसलो. वायरगार्डच्या ५१८२० पोर्टवर माझ्याकडून दर पाच सेकंदांनी १४८ बाइटचं पाकीट जातंय आणि उलट ९२ बाइटचं काही येत नाही. १४८ म्हणजे हँडशेकची, दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवण्याची, सुरुवात, ९२ म्हणजे त्याचं उत्तर. ऑफिसात एका सहकाऱ्याला पायवर तेच लावायला सांगितलं, तर पाकिटं तिथे पोचत होती! म्हणजे लाइन ठणठणीत, पायच उत्तर द्यायला तयार नाही. पायवर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, डीबग चालू केल्यावर लॉगमध्ये सरळ आलं, हँडशेक अवैध.

त्याच दिवशी माझ्या घरच्या कॉम्प्युटरचं जर्नल, म्हणजे लिनक्सची नोंदवही, उघडून बूटपासून वाचत गेलो आणि एका जागी थांबलो. सकाळचे नऊ वाजलेले, पण बूटच्या ओळींवर वेळ होती दुपारचे अडीच, आणि थोडं खाली टाइमसिंक, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणं, झाल्यावर पुढच्या ओळी एकदम नऊच्या. साडेपाच तास. मी तसाच बघत बसलो, तेवढ्यात आमची ही म्हणाली, अहो, त्या विंडोजमधलं घड्याळ सारखं मागं जातं, सकाळी नऊला पहाटेचे साडेतीन दाखवतं, आणि डिजिटल सहीचा डोंगल लावला की ते सॉफ्टवेअर सही घेत नाही, म्हणून मी दरवेळी वेळ नीट करते. रिटर्न भरायला ती त्याच कॉम्प्युटरवर विंडोज वापरते ना, आठवड्यातून एक-दोनदा. आणि माझा टनेल मरायचा तो नेमका त्याच दिवशी.

आता होतं काय ते सांगतो. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, सेलवर चालणारं. लिनक्स त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतो, विंडोज स्थानिक वेळ ठेवतो. हिनं नऊला विंडोजमध्ये वेळ नीट केली, बोर्डावर नऊ लिहिले गेले, मग मी लिनक्स चालू केला, त्यानं ते नऊ यूटीसी धरले आणि भारताचे साडेपाच तास वर चढवले, झाले अडीच. वायरगार्ड बूटलाच सुरू होतो, त्यानं अडीचच्या वेळेनं हँडशेक केला. जरा वेळानं टाइमसिंकनं घड्याळ मागे खेचून नऊवर आणलं. पुढे त्या एका हँडशेकच्या चावीवर तीनच मिनिटं चालतं, दोन मिनिटांनंतर नवा हँडशेक मागायला सुरुवात होते, आणि इथे अडतं. हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि समोरचा प्रत्येक चावीचा आतापर्यंतचा सगळ्यात मोठा शिक्का लक्षात ठेवतो, त्याहून जुना आला की उत्तरच देत नाही. ते बरोबरच आहे रे, नाहीतर कोणीही तुझं जुनं पाकीट साठवून ठेवून नंतर पुन्हा पाठवेल. पायनं अडीच लक्षात ठेवलं, मी नऊचा शिक्का पाठवतोय, तो अडीचपर्यंत दार उघडणार नाही. नवीन चावी म्हणजे त्याच्यासाठी नवा माणूस, जुना शिक्का नाही, म्हणून चालायचं. रीस्टार्ट केला की त्याच्या लक्षातलं पुसलं जायचं, म्हणून चालायचं. आधी मी पायच्या घड्याळावरही संशय घेतला होता, पाय ४ ला सेल नसतो म्हणून, पण इथे त्याच्या स्वतःच्या वेळेचा संबंधच नाही, तो फक्त माझा आधीचा शिक्का आणि आत्ताचा शिक्का ताडून बघतो.

हे कळल्यावर मला त्या प्रोग्रामबद्दल खरंच आदर वाटला. जेसन डोनेनफेल्डनं लिहिलेलं, २०२० च्या मार्चमध्ये ५.६ कर्नलबरोबर आत आलेलं, आणि दीड महिना मी ज्याला बिघडलंय म्हणत होतो ते रोज आपलं काम चोख करत होतं.

तुझा मुलगा संध्याकाळी विंडोजवर गेम खेळतो आणि साडेसातला तू लिनक्स उघडतोस, बरोबर? साडेसात अधिक साडेपाच, रात्रीचा एक. तू नेटवाल्याला शिव्या देतोयस पण त्याचा काही दोष नाही.

उपाय असा, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या कोठारात, एक नोंद टाकायची की बोर्डाचं घड्याळ यूटीसी आहे, तिचं नेमकं स्पेलिंग व्हॉट्सॅपवर पाठवतो, हातानं चुकवू नकोस. टाइमडेटसीटीएल या कमांडनं लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला लावता येतं, पण तो स्वतःच नको म्हणून इशारा देतो, मी तरी केलं नाही. शिवाय वायरगार्डची सर्व्हिस टाइमसिंक झाल्यावरच सुरू होईल असं करून ठेव, म्हणजे उद्या बोर्डावरचा सेल संपला तरी भानगड नाही. आणि नोंद टाकल्यावर पहिल्या दिवशी सर्व्हरवर तुझा पिअर, म्हणजे तुझ्या लॅपटॉपची नोंद, काढून परत घाल, नाहीतर तो जुना पुढचा शिक्का धरून बसेल आणि तुला वाटेल उपाय लागूच पडला नाही.

फॉरमॅटची मला जास्त भीती वाटते ती वेगळ्या कारणानं. तुझी डिस्क लक्सनं, लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या व्यवस्थेनं, एन्क्रिप्ट केलेली आहे, आणि आईचे सगळे फोटो तिथेच आहेत असं तू म्हणाला होतास. तुझा पासवर्ड थेट डेटा उघडत नाही, तो डिस्कवरच्या हेडर नावाच्या भागातली खरी चावी उघडतो. लक्स २ चं हे हेडर पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या त्या हिश्श्याच्या, सुरुवातीला साधारण १६ एमबीमध्ये असतं, आणि इन्स्टॉल करताना चुकीच्या पार्टिशनवर टिक पडून तेवढा भाग जरी लिहिला गेला तर पासवर्ड तोंडपाठ असून काही उपयोग नाही, दुकानवालाही काढू शकत नाही. म्हणून आजच क्रिप्टसेटअप या टूलनं हेडरचा बॅकअप घे, एक ओळीची कमांड आहे, आणि ती फाइल त्याच लॅपटॉपवर नको, पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेव. पुढे पासवर्ड बदललास तर नवा बॅकअप घेऊन जुना नष्ट कर, कारण जुन्या बॅकअपनं डिस्क जुन्या पासवर्डनं उघडते.

आज मुलाचा गेम झाल्यावर लिनक्स चालू कर, पाच मिनिटं थांब आणि जर्नलच्या पहिल्या काही ओळी आणि टाइमसिंकच्या आसपासच्या ओळी मला पाठव. वेळ मागे उडी मारताना दिसली की लगेच फोन कर, कितीही उशीर होऊ दे, मी जागा आहे.

तुझा,
कोथरूडकर